सांगवखेडच्या तेरा हरवलेल्या बाया

सांगवखेड उपकेंद्राच्या वंदना सिस्टरला मी अमरावती जिल्ह्यात शेवटचा नंबर दिला. बेरीज बरोबर होती, भागाकार बरोबर होता, टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत बरोबर होती. चुकलं एवढंच की ती जिल्ह्यातल्या सगळ्यात चांगल्या नर्सपैकी एक होती, आणि मी तिचं नाव काढून टाकायच्या यादीत घातलं होतं.

हे मी निवृत्त झाल्यावर लिहितो आहे, तेव्हा यात धाडस वगैरे शोधू नका. नोकरीत असतो तर हाच मजकूर 'तांत्रिक त्रुटी' या दोन शब्दांत आटोपला असता.

आधी माझा धंदा सांगतो. तो माझ्या सासरेबुवांनाही शेवटपर्यंत नीट कळला नाही. 'जावई आरोग्य खात्यात आहेत' एवढं त्यांना पुरेसं होतं, आणि त्या जोरावर लग्नाकार्यात ते एकेक पाहुणा आणून माझ्यापुढे उभा करत. पाहुणा जीभ बाहेर काढायचा. मी सांख्यिकीवाला आहे, असं सुरुवातीला सांगून पाहिलं; पण सांख्यिकी हा पोटाचाच काहीतरी विकार असावा, अशी लोकांची समजूत होऊ लागली. मग मी 'पाणी जास्त प्या, तेलकट कमी खा' असं सांगायला लागलो. पुष्कळांना गुण आला.

सरकार गावोगाव लस पाठवतं, गोळ्या पाठवतं, नर्स पाठवतं. ते सगळं लोकांपर्यंत पोचतं का, आणि पोचून काही फरक पडतो का, हे पाहायला एक माणूस ठेवलेला असतो. तो मी. पंचाईत अशी की जे मोजायचं असतं ते मोजता येत नाही. बाई सुखरूप आहे का, हे कुठल्याच रकान्यात मावत नाही. ती दवाखान्यात बाळंत झाली का, हे मावतं. म्हणून जे मावतं ते मोजायचं आणि जे मावत नाही ते त्याच्या मागोमाग येत असेल असं धरून चालायचं. आमच्या अख्ख्या धंद्याची मदार या 'येत असेल'वर आहे.

नोकरीची पहिली वर्षं मी अकोल्याकडे काढली. तिथल्या एका आरोग्य केंद्रात, नाव कशाला सांगू, जन्माला येणारं प्रत्येक बाळ अडीच किलोचं असायचं. मुलगा असो, मुलगी असो, पावसाळा असो, उन्हाळा असो, अडीच म्हणजे अडीच. मला काट्याचा संशय आला. मी घरून साखरेचं एक किलोचं बंद पाकीट पिशवीत घालून नेलं आणि गुपचूप काट्यावर ठेवलं. काटा एक किलो म्हणाला. उलटं करून ठेवलं. तरी एक किलो. दारात उभी असलेली मदतनीस बाई हे सगळं शांतपणे पाहत होती. ती म्हणाली, "सायेब, साखर आनलीच हाय तं चा मांडू काय?"

काटा खरा होता. अडीच किलोच्या खाली बाळ गेलं की ते कमी वजनाचं धरतात. मग जास्तीच्या भेटी, जास्तीचे कागद, वरून विचारणा. तेव्हा लिहिणारा हात थोडा कनवाळू झाला होता. त्या दिवशी मी एक धडा शिकलो आणि पुढं प्रत्येक प्रशिक्षणात तो ऐटीत सांगत आलो: आकडा फार गोंडस दिसला की त्याला चिमटा काढून पाहावा.

कुरूप आकड्याचं काय करावं, हे मात्र मला कोणी शिकवलं नव्हतं.

पुढं अमरावतीला आलो, केस पांढरे झाले, आणि मोठ्या साहेबांनी, म्हणजे जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी, उपकेंद्रांची कामगिरी मोजायचं एखादं सोपं माप काढा म्हणून सांगितलं. चार-पाच गावं मिळून एक उपकेंद्र असतं. दोन खोल्या, एक नर्स. गावात कुणाला दिवस गेले की सिस्टर नाव नोंदवते, रक्त तपासते, लोहाच्या गोळ्या देते, आणि नववा महिना भरला की दवाखान्यात बाळंतपण होईल असं पाहते. मी विचार केला, जितकी नावं नोंदली तितकी बाळंतपणं दिसली पाहिजेत. गर्भार बाई काही मधेच विरून जात नाही. तेव्हा उपकेंद्राच्या हद्दीतल्या बाळंतपणांना नोंदणीनं भागायचं. उत्तर शंभराच्या आसपास आलं तर सिस्टर शेवटपर्यंत बाईच्या मागे राहिली. फार खाली गेलं तर नाव लिहून विसरली, किंवा बाया घरीच बाळंत झाल्या आणि तिनं ते लपवलं.

या भागाकाराला मी 'पाठपुरावा पूर्तता गुणांक' असं नाव दिलं. नाव जितकं जड तितके प्रश्न कमी, हा आमच्या खात्यातला अनुभव. साहेब खूश झाले. तक्ता रंगीत झाला: हिरवा, पिवळा, लाल. लाल रंग मी स्वतः निवडला, थोडा डाळिंबी छटेचा. अकोल्याच्या एका जुन्या सहकाऱ्यालाही मी तो तक्ता न मागता पाठवून दिला, आणि त्यानं तिकडे लागू केला तेव्हा घरी श्रीखंड आणलं.

परतवाड्याच्या रस्त्यावरच्या एका उपकेंद्राचा गुणांक एकशे तीस आला. शंभरातले एकशे तीस! गणिताच्या माणसानं तिथंच खुर्चीतून उठायला हवं होतं. मी उठलो, पण टाळ्या वाजवायला. त्या सिस्टरला शाल-श्रीफळ द्यावं, ही सूचनाही माझीच.

आणि सगळ्यात खाली सांगवखेड. दर्यापूर तालुक्याच्या पार टोकाला, जिथं आमचा जिल्हा संपून अकोला लागतो. एकतीस नावं नोंदलेली, अठरा बाळंतपणं. तेरा बाया गायब. वर सिस्टर दोन दिवस विनापरवानगी गैरहजर, त्याचे गुण मी वेगळे कापले.

वंदना सिस्टर कंत्राटी होती. कंत्राटी म्हणजे अकरा महिन्यांची ऑर्डर. मुदत संपली की कामगिरी पाहून पुढची. कामगिरी म्हणजे माझा तक्ता, आणि लाल असेल तर ऑर्डर नाही, असं साहेबांनी ठरवलेलं. सांगवखेडला तिची नऊ वर्षं झाली होती. दोन मुली दर्यापूरच्या शाळेत, आणि घर म्हणजे उपकेंद्राचीच मागची खोली. ऑर्डर गेली की नोकरी जाणार आणि त्याच दिवशी छप्परही जाणार. हे सगळं मला माहीत होतं. तिच्या फाइलीत लिहिलेलं होतं. मी खुलाशाची नोटीस काढली, आणि सांगायला लाज वाटते, पण तिची भाषा जमली म्हणून ती दोनदा वाचली.

उत्तर आठवड्यात आलं. हातानं लिहिलेल्या तीन ओळी: 'नोंदवलेल्या सर्व माता मला माहीत आहेत. यादी जोडली आहे. पडताळणीस यावे.' मागं चार पानांची यादी. मला त्या 'यावे'चा राग आला. यावे म्हणजे काय? मी यादी न वाचता फाइलीत लावली आणि शेरा मारला, 'खुलासा असमाधानकारक'. साहेबांची सभा गुरुवारी होती, त्या दिवशी सगळ्या ऑर्डरींचा निकाल लागणार होता.

त्याआधीचा रविवार. माझी मुलगी मृणाल बाळंतपणासाठी आमच्याकडे आलेली. तिला अकोल्याला दिलं आहे. पहिलं बाळंतपण, म्हणून सातवा लागल्यावर मीच जाऊन तिला घेऊन आलो होतो. यात विचार करण्यासारखं काही असतं, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. दुपारी तिचा फोन वाजला. ती झोपली होती, मी उचलला.

"मृणालताई आहे काय जी?"

"झोपलीय. मी तिचा बाबा. कोण बोलतंय?"

"काका, मी अकोल्याची सिस्टर बोलून राहिली, तिच्या सासरकडची. बरी आहे ना ताई? पाय-बीय सुजले नाही ना?"

"नाही, नाही. उत्तम आहे."

"एक काम करजा काका. बाळंतपण झालं का मले लगेच फोन करजा. बाळाचं वजन बी सांगजा. विसरू नोका."

मी समजुतीच्या सुरात म्हटलं, "अहो सिस्टर, ती आता इकडे आहे. इथली नर्स येऊन तिला पाहून जाते. तुम्ही कशाला एवढी काळजी करता?"

"वा जी! माझ्या वहीतली बाई हाय ना थे. कळलंच नाही तं अर्धीच राहते. अन् दुसरं म्हंजे, आमच्या हाफिसात एक आकडेवाला बसते. थो लाल करते."

"कोण करतो?"

"असते ना काका एकेक. खुर्चीवर बसून भागाकार करते. त्याले वाटते बाया कुठी पळून गेल्या."

मी फोन ठेवला. बायको म्हणाली, "कोणाचा होता?"

"कोणाचा नाही."

"मग घाम कशाला आलाय?"

मी मनातल्या मनात माझाच तक्ता मांडून पाहिला. मृणाल अकोल्यात नोंदलेली, पण बाळंतपण तिकडे नाही: तिथली सिस्टर खाली. बाळंतपण अमरावतीत, मूळ नोंदणी इथली नाही: इथली सिस्टर वर. दोघींनी काम चोख केलेलं. मधे फक्त एक मुलगी तिच्या आईकडे आलेली. वऱ्हाडात पहिल्या खेपेला कुठली मुलगी आईकडे येत नाही? हे कळायला मला दोन वर्षं, एक पदवी आणि स्वतःची मुलगी लागली.

सोमवारी ऑफिस उघडल्याबरोबर मी सांगवखेडची यादी काढली आणि पहिल्यांदा वाचली. तेरा नावं. प्रत्येकीपुढं माहेरचं गाव, भावाचं नाव, भावाचा फोन. पुढं, 'मूर्तिजापूरच्या दवाखान्यात बाळंत. मुलगी. दोन किलो नऊशे. आईला ताप नाही.' पुढचीपुढं, 'अकोट. मुलगा. सव्वा महिन्यानं परत येणार, पहिली लस तिकडे झाली.' चारही पानं अशी. माझ्या खात्यातल्या कुठल्याही संगणकात इतकी माहिती नव्हती, आणि मी तिला असमाधानकारक म्हणून मोकळा झालो होतो.

मंगळवारी मी सांगवखेडला गेलो. सरकारी जीप मागितली नाही, कारण तिच्या वहीत प्रवासाचं कारण लिहावं लागतं. बसनं दर्यापूर, तिथून वडापची जीप. फाट्यावर उतरलो. पुढं दीड-दोन किलोमीटर पायी, आणि पाऊस होऊन गेलेला. आमच्याकडची काळी माती कोरडी असते तेव्हा दगड असते आणि ओली झाली की सोडत नाही. शंभर पावलांत माझ्या एकेका बुटाला परातीएवढा चिखल लागला. मग एक बूट मागंच राहिला. मी एका पायावर उभा राहून तो उपसत असताना समोरून एक बाई आली. कमलाबाई, गावची आशा. म्हणजे सिस्टरला मदत करणारी, घराघरातली खबर ठेवणारी बाई. हे मला नंतर कळलं. तिला मी कोण, ते तिथंच कळलं.

"कोन गावचे जी?"

"अमरावती. आरोग्य खात्यातून आलोय."

"डाक्टर काय?"

"नाही. आकडेवारी बघतो."

तिनं मला डोक्यापासून बुटापर्यंत पाहिलं. "म्हंजे लाल करनारे तुमीच!"

मी बूट उपसत राहिलो.

"या. जोडा हातात घ्या. पायात घालून इथी कोनी चालत नाही."

मी जोडा हातात घेतला आणि तिच्या मागं चालू लागलो. अंगणवाडीत लसीकरण चाललं होतं. वंदना सिस्टर पंचेचाळिशीची, नाकावर घसरलेला चष्मा, आवाज शांत. माझं नाव सांगितल्यावर तिनं सुई खाली ठेवली नाही. "बसा सर. एवढे सात लेकरं होऊ द्या," म्हणाली. बसायला तिथं मुलांच्या वीतभर उंचीच्या खुर्च्या होत्या. त्यातल्या एकीवर मी दीड तास गुडघे हनुवटीला लावून बसलो. लेकरं सुईला भ्यायची त्याहून मला जास्त भ्यायली.

मग आम्ही यादी घेऊन बसलो. मी म्हटलं, पद्धतीप्रमाणे कुठलीही पाच नावं निवडून फोन करतो. डोळे मिटले आणि यादीवर पेन्सिल टेकवली.

"डोये कावून मिटले?" कमलाबाई.

"असंच करतात. म्हणजे निवड निःपक्षपाती होते."

"हो काय? आमी तं वांगी बी पाहून घेतो."

पहिला फोन मूर्तिजापूरकडच्या एका भावानं उचलला. मी ओळख देईपर्यंत तो ओरडला, "विमा नाही पाह्यजे!" आणि ठेवला. दुसऱ्यांदा वंदना सिस्टरनं लावला. "गजाननभाऊ, सांगवखेडची सिस्टर." लगेच त्याचा आवाज मऊ झाला. "बोला ताई. ज्योती बरी हाय. पोरगी आता पालथी पडून राहिली." दुसरी बाई बरी. तिसरीची आई फोनवर आली आणि मलाच तिनं बाळाच्या पोटदुखीचं औषध विचारलं. सासरेबुवांची आठवण झाली, पण या वेळी मी फोन सिस्टरकडे दिला. चौथी बरी.

एक कोडं मात्र मला अजून सुटत नव्हतं. मी विचारलं, "सुना माहेरी जातात हे समजलं. पण मग या गावच्या लेकी इकडे येत असतील ना बाळंतपणाला? त्यांनी हिशोब भरून निघायला हवा."

कमलाबाई उठली. तिनं आत जाऊन पेलाभर पाणी आणलं. "प्या." मी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. खारं, मचूळ.

"समजलं?" ती म्हणाली.

वंदना सिस्टर हसली. "हा सगळा खारपाणपट्टा आहे सर. इथल्या पाण्यात डाळ शिजत नाही. अन् पावसाळ्यात रस्ता असा. बाळंतिणीले इथं कोण आणते? लेकीची आईच उठून लेकीकडे जाते. इथून बाया जातात, येत कोणी नाही."

म्हणजे परतवाड्याच्या रस्त्यावरच्या त्या एकशे तीस टक्क्यांचं रहस्यही तेच. डांबरी सडक, गोड पाणी. शाल आम्ही सिस्टरला दिली. खरं म्हणजे ती तिथल्या विहिरीला पांघरायला हवी होती.

पाचवं नाव रेखा. फोन लागेना. क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला, तेच. आणि इथं माझा स्वभाव बघा: एवढं सगळं ऐकल्यावरही मला आतून जरा बरं वाटलं. म्हटलं, "ही एक मात्र सापडत नाही."

"तिचा नाहीच लागणार," वंदना सिस्टर म्हणाली. "चिखलदऱ्याच्या पलीकडे माहेर आहे तिचं. ती इथून गेली तेव्हाच रक्त फार कमी होतं. दोन दिवसाआड फोन करायचं ठरलं होतं. आठ दिवस लागलाच नाही."

"मग?"

"मग गेली मी."

"कुठं?"

"तिच्या माहेरी."

तिनं ते असं सांगितलं, की जणू शेजारच्या गल्लीत जाऊन आली. दर्यापूरहून बसनं परतवाडा, तिथून जीपनं घाट, पुढं पायी. रेखा घरात पडून होती, अंगावर सूज, चालायची ताकद नाही. घरचे म्हणत होते, पहिल्या खेपेला असं होतंच. सिस्टर रात्रभर तिच्या उशाशी बसली आणि सकाळी जीपमध्ये घालून तिला परतवाड्याला दवाखान्यात घेऊन आली. रक्त चढवलं. पंधरवड्यानं ती तिथंच बाळंत झाली. मुलगा. दोघंही बरी.

"कधीची गोष्ट ही?"

तिनं तारखा सांगितल्या. त्या मला पाठ होत्या. विनापरवानगी गैरहजर, दोन दिवस. गुण मीच कापले होते.

"रजा टाकायची होती," मी म्हणालो. आवाज बराच खाली आला होता.

"टाकली होती सर. रजेचा कागद तुमच्याकडे पोचला, तवर मी परत आली होती."

माझ्या तक्त्यात बावीस रकाने होते. एका बाईचा जीव वाचवून आणल्याबद्दल त्यातला एकही नव्हता. उलट त्याबद्दल दंड करणारा एक होता, आणि तो मी फार काळजीपूर्वक भरला होता.

कमलाबाई म्हणाली, "सायेब, एक इचारू? तुमची बायको पयल्या खेपेले कुठी गेल्ती?"

"आर्वीला."

"तिथी काय होतं?"

"तिचं माहेर."

तिनं पदर तोंडाला लावला आणि अंगणवाडीच्या बाहेर निघून गेली. बाहेरून बराच वेळ हसण्याचा आवाज येत राहिला.

निघताना वंदना सिस्टर फाट्यापर्यंत आली. दोघांच्याही हातात जोडे. ती म्हणाली, "सर, गुरुवारी काय होईन? पोरींची शाळा अर्ध्यात आहे. होणार नसन तं आताच सांगा. दर्यापुरात खोली पाहावं लागन."

मला 'होईल' म्हणता आलं नाही. "बघतो," म्हणालो. ती मान हलवून परत फिरली.

वडापमध्ये दोन बकऱ्या आणि एका नवरदेवाच्या मामामध्ये दबून बसलो असताना मला एक सोपा रस्ता दिसला. तेरा बाळंतपणं सिस्टरच्या रकान्यात टाकायची. एकतीसला एकतीस. लाल जाऊन हिरवा होतो, तिची ऑर्डर निघते, आणि गुणांक खोटा आहे हे कोणाला कळत नाही. माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. त्या गुणांकामुळे मला दोनदा राज्याच्या सभेत बोलावलं होतं. दर्यापूर ते अमरावती हा सगळा वेळ मी त्या रस्त्यानं मनात चालत गेलो. पण तक्त्यात लाल असणारी एकटी सांगवखेड नव्हती. बाकीच्या लाल रंगांखाली कोण कोण बसलं होतं, मला माहीत नव्हतं.

गुरुवारी सभा. पडद्यावर माझा तक्ता. साहेब भराभर पुढं जात होते. "सांगवखेड. लाल. ऑर्डर नाही. पुढं."

मी उभा राहिलो. "साहेब, सांगवखेड थांबवा."

"का? एंट्री चुकली?"

दार सताड उघडं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"नाही साहेब. एंट्री बरोबर आहे. गुणांकच चुकीचा आहे."

"गुणांक कोणाचा?"

"माझा."

सभागृहात कोणीतरी खोकलं. मी सगळं सांगितलं. मृणालचं, खाऱ्या पाण्याचं, रेखाचं. साहेबांनी चष्मा काढला.

"म्हणजे दोन वर्षं आपण मोजलं काय?"

"माहेर, साहेब."

मागच्या खुर्च्यांवर हशा पिकला. साहेब हसले नाहीत. त्यांनी पडद्यावरचा डाळिंबी रंग थोडा वेळ पाहिला आणि म्हणाले, "एकाही लाल उपकेंद्राची ऑर्डर थांबणार नाही. प्रत्येक ठिकाणी तुम्ही स्वतः जायचं. पायी जावं लागलं तरी."

दोन महिने मी फिरलो. खरोखर कामचुकार म्हणाव्यात अशा दोघी सापडल्या. बाकीच्या सगळ्या वंदना सिस्टरच्याच बहिणी. एकीनं देवाच्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेखाली बायांची नावं लिहिली होती, चतुर्थीखाली दोघी, एकादशीखाली एक. दुसरी कधीच नवऱ्याचा नंबर लिहून घेत नसे, नेहमी भावाचा. म्हणाली, "सर, नवरे सिमकार्ड बदलतात, भाऊ बदलत नाही." आयुष्यभर मी माहिती गोळा करायच्या पद्धतींवर व्याख्यानं दिली. इतकी नेमकी पद्धत माझ्या एकाही व्याख्यानात नव्हती. या बायांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांना फक्त वहीतल्या बाया खरंच सुखरूप हव्या होत्या.

एक गोष्ट मात्र राहिली. आदल्या वर्षी याच गुणांकानं एका सिस्टरची ऑर्डर गेली होती. तिचं नाव शोधलं. ती अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्यात लागली होती. मी तिथं गेलो, वॉर्डाबाहेर बाकावर बसलो. ती आली, मी सांगितलं ते तिनं उभ्यानं ऐकलं. "बरं झालं सांगितलं," म्हणाली. तेवढ्यात आतून पेशंटनं हाक मारली आणि ती गेली. तिच्या गावात तोपर्यंत दुसरी नेमणूक झालेली होती. त्याचं मला काही करता आलं नाही.

वंदना सिस्टरची ऑर्डर सह्यांच्या फेऱ्यांतून दोन महिन्यांनी निघाली, तेव्हा ती द्यायला मी स्वतः सांगवखेडला गेलो. पोस्टानं जाऊ शकत होती, पण खरं सांगायचं तर मला दोन चांगले शब्द ऐकायचे होते. रस्ता वाळला होता, बूट पायात होते. सिस्टर टेबलाशी बसून वहीत काहीतरी लिहीत होती. तिनं ऑर्डर वाचली, पुन्हा एकदा तारखेवरून नजर फिरवली, नीट घडी घालून रजिस्टरात ठेवली. चेहऱ्यावर जे यायचं ते एक क्षणभर आलं आणि तिनं चष्मा पुसला.

त्यानंतर मी थांबायला हवं होतं. पण मी पिशवीतून नवा तक्ता काढला. दोन महिने खपून तयार केलेला, पुन्हा अशी चूक होऊ नये म्हणून. सासर-माहेर दोन्हीकडचा हिशोब जुळवणारा. मी तो टेबलावर पसरला आणि पाव तास एकेक रकाना समजावून सांगितला: माहेरचं गाव, माहेरचा जिल्हा, माहेरच्या सिस्टरचं नाव, भावाचा फोन, निघाल्याची तारीख, पोचल्याची तारीख, परतल्याची तारीख. चार प्रती, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत.

तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा वर सरकवून बोटानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रकाने मोजले आणि माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे सर, चुकले तुमी, अन् रकाने भरू मी?"